बिलात नसलेली ओंजळ

माझं लग्न ठरत होतं तेव्हा वाईहून होणारे सासरे सांगलीला मुलगा बघायला आले. भिक्षुकीचं घर, माणूस सरळ. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही व्यापारी मंडळात आहात म्हणे. म्हणजे माल विकता?"

"नाही."

"मग विकत घेता?"

"छे, छे."

"दलाली?"

"मुळीच नाही."

सासरे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, "एकानं दुसऱ्याला विकलेला माल सांगितल्याप्रमाणे आहे, असं मी लिहून देतो."

"आणि त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो."

"दर महिन्याला?"

मुलगी दिली खरी, पण जावई नेमकं करतो काय हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. आमच्या घरातून शेजारीपाजारी जायचं उत्तर त्याहून सोपं होतं: "हे शिक्के मारतात." आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तोच प्रश्न विचारला आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. कधी लागलो, बढती कधी मिळाली, निवृत्तीला हार कुणी घातला, हे सांगत बसत नाही. त्यात मलाच रस नाही.

मी मूळचा उंब्रजच्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर. चाळीस-एकेचाळीसच्या सुमारास सांगलीच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाला इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस हवा होता, म्हणून इकडे आलो. पदाचं नाव चिटणीस, पण गणपती पेठेत मला सगळे मास्तरच म्हणत. एका अडत दुकानाच्या माडीवर एक खोली, एक टंकयंत्र, एक पितळी शिक्का, लाखेच्या कांड्या आणि मी. टंकयंत्राचं एक अक्षर कायम अर्धवट उठायचं. खाली हळदीचा बाजार असल्यामुळे खोलीत बारमाही पिवळी धूळ. माझा एकही कागद पांढरा म्हणून बाहेर पडला नाही. मुंबईच्या एजंटानं एकदा चिडून लिहिलं, "कृपया हात धुऊन पत्र लिहीत जावे." मी उत्तर दिलं, "हात धुतले होते. पाणीही सांगलीचंच आहे."

धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. कृष्णाकाठची हळद शेतकरी शिजवतो, वाळवतो, घासून चकचकीत करतो आणि बाजारात आणतो. लगेच विकायची नसली तर हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या खड्ड्यांत, ती ठेवतात. तिथं वर्षानुवर्षं टिकते. तिथून ती आगगाडीनं मुंबईला जाते आणि पुढे बोटीनं एडन, बसरा, कोलंबो. आता बघा, विकणाऱ्यानं समुद्र पाहिलेला नाही आणि घेणाऱ्यानं सांगलीचं नाव ऐकलेलं नाही. दोघं एकमेकांचं तोंड जन्मात बघणार नाहीत. मग यानं त्याच्यावर आणि त्यानं याच्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? तिथं आम्ही लागतो. माल कुठला, याचा दाखला आम्ही देतो. नमुन्याची पिशवी आमच्यासमोर शिवून आम्ही लाख लावतो. तोल होताना उभं राहून वजनाचा दाखला देतो. भांडण झालंच तर चार जाणती माणसं बसवून मिटवतो. असंच एकेक मंडळ प्रत्येक बंदराच्या गावी असतं, आणि त्या मंडळांचा एकमेकांवर विश्वास असतो म्हणून हा सगळा गाडा चालतो. लग्न जमवताना दोन्हीकडचा ओळखीचा माणूस मध्ये असावा लागतो ना, तसं.

गमतीही पुष्कळ झाल्या. दाखल्यावर ‘देश’ असा एक रकाना असे. हळद पिकली सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. विकली गेली सांगलीत, म्हणजे संस्थानात. बसऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं विचारलं की माल नक्की कोणत्या देशाचा? मी तो प्रश्न घेऊन आमच्या अध्यक्षांकडे गेलो. दादासाहेब गुळाचे मोठे व्यापारी, डोळे मिटून ऐकायची सवय. म्हणाले, "लिहा, कृष्णाकाठचा."

"अहो, असा देश नाही दादासाहेब."

"त्याला कुठं ठाऊक आहे?"

शेवटी मी दोन्ही नावं लिहिली. पुढे संस्थान विलीन झालं, रकाना एका शब्दात भरता येऊ लागला. सोय झाली, पण ती जुनी भानगड सुटल्याची मला जराशी चुटपुटही लागली.

आणखी एकच सांगतो, कारण ते मनात राहून गेलं आहे. लढाई संपल्यावर उंब्रजकडचे एक सुभेदार गुळाची अख्खी ढेप डोक्यावर घेऊन माडी चढून आले. ढेप टेबलावर आदळली, तसं टंकयंत्र उडालं.

"परदेशी माल धाडायचं हापिस ह्येच न्हवं? ही इटलीला धाडा."

"कुणाला?"

"एका म्हातारीला. आमी चौघं तिच्या कोठारात आठ दिस लपून व्हतो. स्वतः उपाशी ऱ्हायली, पर आमाला भाकर दिली. तिला सांगून आलोय, आमच्याकडचं गोड धाडीन म्हनून."

"पत्ता?"

सुभेदारांनी फक्त गावाचं नाव सांगितलं. मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या भागातल्या मोठ्या शहराच्या व्यापारी मंडळाच्या नावानं एक पत्र लिहिलं आणि ढेप तागात शिवून मुंबईमार्गे रवाना केली. उत्तर आलं नाही. सुभेदार दोन वर्षं बाजाराला आले की खालूनच ओरडून विचारायचे, "मास्तर, म्हातारीचं काय कळलं का वं?" आणि मी वरून मान हलवायचो. त्या वेळी आणखी दोन पत्रं टाकायला हवी होती, असं अजून वाटतं.

असो. मला सांगायची आहे ती कोलंबोची गोष्ट.

मल्लाप्पा म्हणून एक हळदीचे अडते होते. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणत असू. पांढरं धोतर, कानात भिकबाळी, आवाज असा की खालच्या पेठेतला सौदा माडीवर ऐकू यावा. तोवर त्यांचा माल मुंबईचे व्यापारी घेत आणि आपल्या नावानं बाहेर पाठवत. लढाई संपली तशी आप्पांच्या डोक्यात एक खूळ शिरलं: आपल्या पोत्यावर आपलं नाव घालून थेट परदेशी माल पाठवायचा. मी कोलंबोच्या व्यापारी मंडळाला लिहिलं. त्यांच्या चिटणिसांनी पेरेरा नावाचा एक मसाल्याचा व्यापारी सुचवला. छोटा माणूस, पण नेक, असं त्यांनी लिहिलं होतं. नमुने गेले, पसंत पडले. त्या काळी कोलंबोत परवान्याशिवाय काही आत येत नसे, आणि परवान्यावर वजन लिहिलेलं असे. पेरेराला दोनशे पोत्यांच्या वजनाचा परवाना मिळाला.

तोलाच्या दिवशी आप्पांनी पेढे वाटले. आमच्या बाजारात तोल करायचा मान गणू तोलाराचा. हरिपूरचा माणूस, पन्नाशी उलटलेला, बोलायला कमी. त्याच्या बापानंही हेच काम केलेलं. हात मात्र बघण्यासारखे. दोन्ही पंजे जोडून त्यानं ओंजळ केली की त्यात आमच्या घरची पाटी रिकामी झाली असती. गणू पहिल्या पोत्याला एक म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, तीन, चार. काटा बरोबर उभा राहिला की वजन पुकारायचं, आणि मग ढिगातून एक ओंजळ हळकुंडं घेऊन पोत्यात टाकायची. की लगेच हमाल तोंड शिवायचा.

ही ओंजळ सांगलीच्या बाजारात कोण जाणे कधीपासून चालत आलेली. काटा उभा राहिला म्हणजे सौदा संपला, ओंजळ सौद्याबाहेरची. देणाऱ्यानं कोरडं देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. तिचं वजन कुणी धरत नसे. मी स्वतः सावलीला खुर्ची टाकून बसलो होतो. दोनशे वेळा माझ्या डोळ्यांदेखत ओंजळ पोत्यात गेली, आणि मी वर जाऊन टंकयंत्रावर लिहिलं की वजन तंतोतंत अमुक आहे. खाली सही केली, शिक्का मारला.

महिन्या-दीड महिन्यानं तार आली. तीही पेरेराची नव्हे, कोलंबोच्या मंडळाची. वजन तुमच्या दाखल्याशी जुळत नाही, माल बंदरात अडकवला आहे, पेरेरांचा परवाना तहकूब झाला आहे, खुलासा करा.

मी आप्पांना वर बोलावलं. वजन जुळत नाही एवढंच ऐकलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"कमी भरलं म्हनतोय? मल्लाप्पाचं पोतं कमी? आवं मास्तर, चाळीस वर्सं झाली या पेठंत! त्येला लिवा, म्हनावं काटा घिऊन हिकडं ये!"

"आप्पा, कमी नाही. जास्त भरलं."

"आँ?"

"जास्त. परवान्यापेक्षा जास्त माल आला, म्हणून. त्यांना वाटतंय पेरेरा चोरून माल आत आणतोय आणि आपण त्याला सामील आहोत."

आप्पा खाली बसले. मग म्हणाले, "जादा दिलं म्हनून गुन्हा? ह्यो कसला मुलुख म्हनायचा?" आणि हसायला लागले. हसता हसता थांबले. त्यांच्या ध्यानात आलं की पहिल्यांदाच आपलं नाव पोत्यावर घालून माल बाहेर गेला आणि ते नाव आता चोरट्यांच्या यादीत बसलं आहे.

मुंबईच्या एजंटाला विचारलं, तर त्यानं एका ओळीत उपाय कळवला: समुद्राच्या दमट हवेनं हळद ओलावली, म्हणून वजन वाढलं असं लिहा, सगळे तेच लिहितात. मला तो सोयीचा वाटला, खोटं कशाला सांगू. पण आप्पा असे उसळले की खालचा सौदा थांबला.

"माजी हळद ओली? मास्तर, कवा आयकलं न्हाई असलं! चोर म्हनलं तरी चालंल एक येळ, पर ओली हळद धाडली म्हनलं तर बाजारात तोंड दावायचं कसं?"

तेव्हा दादासाहेबांनी डोळे मिटूनच दुसरा मार्ग सांगितला. तोलाराच्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, मंडळानं त्याला कामावरून दूर केलं आहे, असं पत्र जाऊ द्या. त्यांच्या मंडळाला कारण हवं, ते मिळेल, आपल्या शिक्क्याची पत राहील, माल सुटेल. आप्पा नको म्हणत होते, पण त्यांना दुसरं काही सुचतही नव्हतं. पेरेराची रोज तार येत होती.

ते पत्र मीच टाइप केलं. चांगल्या इंग्रजीत केलं, याची मला आज जास्त लाज वाटते. तोलारकी गेली की गणूला बाजारात हमालीशिवाय काही उरत नव्हतं, आणि पोती उचलायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण वजनाच्या दाखल्यावर सही माझी होती. गणू दोषी ठरला की मी सुटत होतो. एवढा साधा हिशेब.

पत्राखाली गणूचा अंगठा हवा होता. तो माडी चढून आला, पागोटं काढून दाराशी बसला. मी शाईची गादी पुढे केली.

"अंगठा देतो," तो म्हणाला. "पर लिवलंय काय त्ये तर सांगा."

मी मराठीत वाचून दाखवलं. दर पोत्यात काट्यापेक्षा जास्त हळद घातली.

"व्हय. घातली."

मालकाला आणि मंडळाला न सांगता घातली.

"त्यात सांगायचं काय? समद्यांच्या म्होरंच घातली की. तुमी बी बसला व्हता."

मी खाली बघून पुढचं वाचलं. तोलाराच्या निष्काळजीपणामुळे असं घडलं.

गणूनं पुढे केलेला हात मागं घेतला.

"ह्ये न्हाई," तो म्हणाला. "निष्काळजी कसा मी? मास्तर, दोनशे पोत्यांत एक पोतं बिन वंजळीचं निगालं असंल, तर निष्काळजी म्हना. न्हाईतर एकाद्यात दोन पडल्या असतील तर म्हना. बानं शिकीवलं तसं केलं. एक पोतं चुकलो न्हाई मी. काम काडून घ्या, पर ह्ये लिवू नगा."

तो रडला नाही, गयावया केली नाही. याच माणसाच्या तोंडावर मी त्याचं मरण वाचून दाखवत होतो, आणि त्याला वाईट कशाचं वाटलं, तर कामात कुचराई केली असं म्हटल्याचं.

आणि तेव्हा माझ्या बथ्थड डोक्यात उजेड पडला. तारेमागून कोलंबोहून एक जाडजूड पाकीट आलं होतं. त्यात एकेक पोत्याच्या वजनाची यादी होती. मी तोवर फक्त शेवटची बेरीज बघितली होती. यादी काढून वरून खाली बोट फिरवत गेलो. प्रत्येक पोतं जास्त. प्रत्येक पोतं जवळजवळ सारखंच जास्त, आजच्या हिशेबानं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. पाऊण रत्तल, पाऊण रत्तल, किंचित वर, किंचित खाली, पुन्हा पाऊण रत्तल. चोरून माल नेणारा माणूस असा पोत्यागणिक मूठमूठ वाटून नेतो होय? मी टेबलावरचं ते पत्र उचललं आणि टराटरा फाडलं. गणू घाबरून उभा राहिला.

"बस रे बाबा," मी म्हटलं. "नाही, उठ. खाली चल."

दादासाहेब, आप्पा आणि मंडळातले चौघे पंच यांना बोलावून घेतलं. पेठेतल्या किराणा दुकानाचा लहान काटा आणला. हळकुंडांचा ढीग केला आणि गणूला म्हटलं, ओंजळ भर. त्यानं भरली. तोलली, पाऊण रत्तल. पुन्हा भर. पाऊण रत्तल. दहा वेळा भरायला लावली. एखादं हळकुंड इकडं, एखादं तिकडं. बाकी काटा जागचा हलला नाही. चौथ्या ओंजळीला आप्पांनी मांडीवर थाप मारली. सातव्याला दादासाहेबांनी डोळे उघडले.

पण ते होते अध्यक्ष. सगळे पांगल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, हे खरं लिहायचं तर एक अडचण आहे. तुमचा दाखला खोटा ठरतो."

"ठरतोच आहे," मी म्हटलं. "मी तंतोतंत लिहिलं. ते तंतोतंत नव्हतं."

"तुमची नोकरी?"

"ते तुम्ही बघा."

फार शूरपणानं बोललो असं नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं ते पगाराशिवाय किती दिवस निघतील याचा हिशेब मांडूनच. ती म्हणाली, "उंब्रजची शाळा काही वाहून गेली नाही." झालं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्र लिहायला बसलो. पहिल्याच वाक्याला अडलो. ओंजळीला इंग्रजीत काय म्हणायचं? कोशात बघितलं तर दोन हातांची मूठ असं काहीतरी निघालं. ती काय ओंजळ झाली? मूठ आवळलेली असते, ओंजळ उघडी. शेवटी मी ओंजळ हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि खाली समजावून सांगितलं. आमच्या बाजारात काटा उभा राहिल्यावर विकणारा एक ओंजळ वर देतो. ती मालात धरत नाहीत, म्हणून तिचं वजन लिहिण्याची रीत नाही. दाखला देताना मी समोर हजर होतो, दोनशे वेळा ती बघितली आणि एकदाही लिहिली नाही. ही चूक तोलाराची नाही, पेरेरांची नाही, मल्लाप्पांची नाही, माझी आहे. आपल्या यादीतलं जास्तीचं वजन आणि पंचांसमोर तोललेल्या ओंजळीचं वजन ताडून पाहावं.

खाली पंचांच्या सह्या झाल्या. गणूसाठी मी शाईची गादी काढली, तर आप्पा म्हणाले, "अंगठा कशाला? समदा हातच उटू द्या की. बगू दे त्यास्नी केवढा हाय त्यो!"

ही कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली. परातीत हळद कालवली. गणूनं दोन्ही पंजे बुडवले आणि मंडळाच्या छापील कागदावर ठेवले. कागद पुरेना. मग दोन कागद घेतले, एका कागदावर एक हात. ते पिवळेधमक पंजे माडीवरच्या खिडकीत वाळत टाकले, तेव्हा पेठेतनं जाणारा माणूस मान वर करून विचारायचा, कुणाच्या घरी लग्न आहे? वाळल्यावर मी प्रत्येक पंज्याखाली लिहिलं, ‘तोलार गणू, डावा’, ‘तोलार गणू, उजवा’, आणि बाजूला मंडळाचा शिक्का मारला. एवढ्या वर्षांत मी मारलेला सगळ्यात सरळ शिक्का तो.

मग वाट बघणं आलं. आप्पा रोज दुपारी माडी चढून यायचे, काही न विचारता बसायचे आणि उठून जायचे. गणूचं काम चालू होतं, पण बाजारात कुजबुज सुरू झालेली. एका अडत्यानं तर दुसरा तोलार बोलावला.

कोलंबोच्या चिटणिसांचं पत्र आलं त्या दिवशी मी ते आधी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग आप्पांना हाक मारली. चिटणीस स्वतः बंदरावर गेले होते. पत्र खरंच आमच्याकडचं आहे, हे त्यांनी जकातीच्या साहेबाला कसं पटवलं म्हणता? तर आधीच्या सगळ्या पत्रांतलं ते अर्धवट उठणारं अक्षर दाखवून! साहेबानं मनाला येतील तशी वीस पोती काढून पुन्हा तोलली. सगळीकडे एकच ओंजळ. मग त्यानं गणूच्या उजव्या पंज्यावर आपला हात ठेवून बघितला आणि म्हणाला, एवढा हात असेल तर पाऊण रत्तल सहज बसेल. चिटणिसांनी आपल्या मंडळाच्या वतीनं लिहून दिलं की सांगलीच्या मंडळाला आम्ही ओळखतो. जे मंडळ स्वतःची चूक एवढी सविस्तर कळवतं, त्याच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही. माल सुटला. पेरेरांचा परवाना परत मिळाला. फक्त नियमाला नियम म्हणून प्रत्येक पोत्यातून एकेक ओंजळ काढून घ्यावी लागली, आणि तो ढीग तिथल्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराला दिला गेला. शेवटी एक ओळ होती: यापुढे ओंजळ घालू नये, किंवा घातल्यास तोलावी.

मी वाचून दाखवलं तेव्हा आप्पांनी डोळ्यांना उपरणं लावलं. वर मलाच दटावलं, "तुमच्या खोलीत लय धूळ हाय मास्तर!" दादासाहेबांनी माझ्या नोकरीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे तो संपला.

राहिला गणू. परदेशी मालात ओंजळ घालायची नाही, हे त्याला सांगणं पत्र लिहिण्याहून अवघड गेलं. तो हो म्हणाला. पण पुढच्या तोलाला काटा उभा राहिला की त्याचे हात आपोआप ढिगाकडे जात आणि मध्येच थांबत. ते बघवेना. आप्पांनीच तोड काढली. काट्याशेजारी एक हारा, म्हणजे मोठी टोपली, ठेवला. परदेशी पोत्याची ओंजळ गणूनं भरायची, पण पोत्याऐवजी हाऱ्यात टाकायची, आणि संध्याकाळी हारा मिरजेच्या इस्पितळात पोचता करायचा. कोलंबोच्या लोकांना सुचतं, ते आम्हाला का सुचू नये? गणू खूश झाला. माझे दाखले त्या दिवसापासून खरोखरच तंतोतंत झाले.

पुढल्या हंगामात आप्पांचा दुसरा माल कोलंबोला गेला. त्याची पोच आली आणि तिच्याबरोबर पेरेरांकडून एक पेटी आली. पेटीत चहाचे सीलबंद पुडे होते, मंडळातल्या प्रत्येकाला एक. सोबत कागद होता, त्यावर पुड्यांची संख्या आणि वजन बिनचूक टाइप केलेलं. त्याखाली वेगळी ओळ होती, आणि त्यात इंग्रजी अक्षरांत माझा तो शब्द: ‘ओंजळ, एक. बिलात नाही. तोलार गणू यांस.’ पेटीच्या तळाशी रुमालात बांधलेला सुटा चहा निघाला. पेरेरांनी लिहिलं होतं की ही त्यांनी स्वतःच्या हातांनी भरली आहे.

मी गणूला वर बोलावलं आणि रुमाल त्याच्यापुढे ठेवला. कुणी पाठवला, का पाठवला, ते सांगितलं. त्यानं रुमालाची गाठ सोडली. चहाचा वास घेतला. मग दोन्ही पंजे जोडून मला म्हणाला, "वता हितं."

मी रुमाल उलटा केला. सगळा चहा त्या ओंजळीत गेला आणि तरी अर्धी ओंजळ रिकामी राहिली. गणूनं ओंजळ जराशी हलवून पाहिली. मग त्याचा सगळा चेहरा हसला.

"मास्तर, लिवा त्येला," तो म्हणाला. "म्हनावं, हात ल्हान हाय गड्या तुजा. पर वंजळ चुकला न्हाईस."

मी कागद चढवला आणि जसंच्या तसं टाइप केलं.